राब, नागली आणि शब्दकोश : आपले शब्द पुस्तकात किती गेले, बाहेर किती राहिले

 

"चांगलं वाचायला काय घ्यावं? पोरांचा शब्दसाठा कसा वाढवावा?" हा प्रश्न आपल्याकडचे शिक्षक, पालक, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं सगळेच विचारतात. उत्तर म्हणून बहुतेक वेळा पुण्या-मुंबईत तयार झालेली एक यादी हातात पडते. यादी वाईट नसते. पण जव्हार-मोखाड्यात या प्रश्नाला स्वतःचा इतिहास आहे. इथे शब्द भरपूर होते, पुस्तकं फार उशिरा आली. आणि आली त्यातली तीच आपल्या कामाची ठरली, ज्यांच्या लेखकांनी आधी इथल्या माणसांकडून काहीतरी शिकून घेतलं.

सुरुवात शब्दकोशापासून करू. जेम्स मोल्सवर्थ हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. कँडी बंधू आणि शास्त्री-पंडितांची मोठी मंडळी हाताशी घेऊन त्याने मराठी-इंग्रजी कोश केला. पहिली आवृत्ती १८३१ ची, सुधारून वाढवलेली दुसरी १८५७ ची. दुसरीत सुमारे ६० हजार शब्द आहेत. आता हा जाडजूड ग्रंथ उघडून बघा. त्यात राब आहे. वरकस आहे. खाचर आहे, इरलंही आहे.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. पावसाच्या आधी जमिनीच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, झाडाच्या फांद्या पसरून जाळतात आणि त्या भाजलेल्या जागेत रोपासाठी बी पेरतात, तो राब. डोंगरउताराची, नागली-वरई पिकवणारी हलकी जमीन ती वरकस. आपल्या आज्या-आजोबांच्या तोंडचे रोजचे शब्द आहेत हे. म्हणजे वर्गात एखादं पोर "आमी राब भाजला" असं म्हणालं आणि बाकीचे हसले, तर हसणाऱ्यांना सांगा, हा शब्द दीडशेहून जास्त वर्षं छापील कोशात आहे. पुढे दाते-कर्वे यांनी 'महाराष्ट्र शब्दकोश' केला, १९३२ ते १९३८ या काळात, सात खंडांत. त्यात तर कोकणातला शब्द असेल तर तशी खूणच केलेली असते. बोलीतला शब्द म्हणजे अशुद्ध शब्द, असं कोशकारांनी कधी मानलं नाही. ते आपण शाळेत मानायला लागलो.

पण कोशाचीही एक मर्यादा होती. जे शब्द शास्त्रीबुवांच्या कानावर पडले ते आत आले. शेत, सारा, बाजार, कचेरी इथले शब्द कानावर पडायचेच. पाड्यावरचे, जंगलातले, लग्नाच्या चौकासमोरचे शब्द तिथवर पोचायची वाट अवघड होती.

दुसरं पुस्तक १८८२ चं, ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इंग्रजीत लिहिलेलं. जव्हार संस्थानाचा इतिहास त्यात आहे. मुकणे घराण्याचा मूळ पुरुष जयबा याची ती प्रसिद्ध कथाही आहे. त्याने इथल्या वारली राजाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. राजाने हो म्हटलं. मग त्याने कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या आणि त्या जोडून मोठा मुलूख वेढला. ही गोष्ट लहानपणी बऱ्याच जणांनी ऐकलेली असेल.

आता गंमत बघा. हीच गोष्ट भूमध्य समुद्राकाठच्या कार्थेज शहराबद्दल दोन हजार वर्षांपासून सांगितली जाते. तिथे जयबाच्या जागी डिडो नावाची राणी आहे, कातडं तेच, वाद्याही त्याच. कार्थेजच्या बालेकिल्ल्याच्या टेकडीचं नाव ग्रीकांच्या कानाला 'बुर्सा' असं ऐकू आलं, आणि ग्रीक भाषेत बुर्सा म्हणजे कातडं. मूळ फिनिशियन शब्दाचा अर्थ बहुधा किल्ला असा होता, असं अभ्यासक मानतात. म्हणजे परक्या भाषेतला एक शब्द आपल्या भाषेसारखा ऐकला आणि त्यातून गोष्ट तयार झाली. शब्द शिकण्याचा उपयोग काय, असं पोरांनी विचारलं तर हे उदाहरण सांगा.

गॅझेटियरमध्ये या कथेच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे, तिच्यावरून आपण पटकन पुढे जातो. जमीन मागितली ती वारली राजाकडे. म्हणजे संस्थानाच्या आधी इथे वारली सत्ता होती, ही आठवण या कथेने जपून ठेवली आहे. १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाकडून राजेपदाला मान्यता मिळाल्याचं सांगतात, तिथून पुढचा इतिहास सगळ्यांना पाठ असतो. १९४८ साली संस्थान विलीन झालं, तेही माहीत असतं. १३४३ च्या आधीचं मात्र एका वाक्यात संपतं. कारण त्याच्या वह्या नव्हत्या.

तिसरा ग्रंथ भाषेचाच. जॉर्ज ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. तो स्टेन कोनो या नॉर्वेच्या अभ्यासकाने तयार केला. वारली, कातकरी, ठाकरी बोलींचे नमुने त्यात छापले आहेत. आपल्या बोलीही भाषा आहेत, त्यांना व्याकरण आहे, हे मान्य करणारं काम म्हणून त्याची किंमत मोठी. पण तुलना करता यावी म्हणून सगळीकडून मुख्यतः एकच गोष्ट भाषांतर करून घेतली होती, बायबलमधली उधळ्या मुलाची. बोली आपली, गोष्ट दुसऱ्याची. भगत घांगळीवर कंसरीची, म्हणजे धान्यदेवीची, कथा रात्रभर सांगतो. लग्नात धवलेरी चौकासमोर गाते. ते या मापात बसणारं नव्हतं. ते तोंडावरच राहिलं.

आणि ज्या वह्या आपल्या लोकांना फार आधीपासून ठाऊक होत्या, त्या कुठल्या? सावकाराच्या. तिथे वाचता न येण्याची किंमत अंगठ्याने चुकवावी लागली. १९३९ च्या सुमारास सायमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याचा मुंबई प्रांतातल्या आदिवासी भागांवरचा अहवाल निघाला. आपल्या पट्ट्यात वेठ कशी चालते आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणूस कसा राबत राहतो, हे सरकारदरबारी लिहून आलं. अशा माणसाला शब्द होता, लग्नगडी. कर्ज काढून लग्न केलं आणि ते फेडायला जमीनदाराकडे गडी म्हणून राहिला, बऱ्याचदा बायकोसकट. आजच्या पोरांना हा शब्द माहीत नाही. ती पद्धत गेली हे चांगलंच झालं. पण शब्द विसरलो तर ती कशी गेली हेही विसरतो.

ती आपोआप गेली नाही. १९४५ साली शेजारच्या तलासरी भागात झरी गावाला वारल्यांची मोठी परिषद झाली आणि वेठ करायची नाही असं ठरलं. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली. या लढ्यात पाड्या-पाड्यांवर राहिलेल्या गोदावरी परुळेकरांनी पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' लिहिलं. १९७० साली ते निघालं, १९७२ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्या भागातल्या कुणी एकच मराठी पुस्तक वाचायचं ठरवलं तर मी हे सांगेन. पक्ष कुठला, हा वाद बाजूला ठेवा. शिकलेली बाई पाड्यावर येते, ऐकते, समजून घेते आणि मग लिहिते, हे त्यात दिसतं.

त्याच १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरं राखायला जातात, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा हा सुंदर शब्द तिथला. शिकवायला खडे, बिया, पानं, जे आजूबाजूला मिळेल ते घेतलं. मुलाला जे हातात ओळखता येतं त्याच्यापासून अक्षराकडे जायचं, ही त्यांची रीत. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात हे करून दाखवलेलं आहे.

आता आजचं बोलू.

पहिलीतलं मूल घरी वारली, कोकणा, कातकरी किंवा ठाकरी बोलतं. पुस्तक उघडलं की त्याला दुसरीच मराठी भेटते. दिवाळीनंतर बरीच घरं वीटभट्टीला भिवंडी-वसईकडे जातात, मूलही जातं. जे अक्षर नुकतं ओळखीचं झालेलं असतं ते पुसट होतं. दुसरीकडे शिकलेले आईबाप पोराशी घरात बोली बोलायचं थांबवतात, त्याला वर्गात कुणी हसू नये म्हणून. त्यांचं दुःख खरं आहे, दोष त्यांना देता येत नाही. पण दोन पिढ्यांत शब्द असेच जातात. जिव्या सोमा म्हशेंना २०११ साली पद्मश्री मिळाली, वारली चित्रं आज जगभर भिंतींवर, कपड्यांवर आहेत. त्यातल्या चौकाला चौक म्हणतात, आत बसलेली देवी पालघट, आणि तिचा चौक धवलेरीच्या गाण्याशिवाय पुरा होत नाही, हे विकत घेणाऱ्याला तर सोडा, आपल्या मुलांनाही सांगावं लागतं.

मग करायचं काय? चार साध्या गोष्टी, सगळ्या आज होण्यासारख्या.

एक. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. जुनी गॅझेटियरं राज्याच्या गॅझेटियर विभागाच्या संकेतस्थळावर आहेत. मुलांसाठी बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक मोफत वाचता येतात. रेंज मिळेल तिथे उतरवून ठेवा, मग पाड्यावर नेऊन वाचा. फोन सगळ्यांकडे आलाच आहे.

दोन. शिक्षकांनी आठवड्यातून एक तास उलटा करावा. पुस्तकातला शब्द गुरुजी सांगतील, त्याला घरी काय म्हणतात ते मुलं सांगतील. पुस्तकात नाचणी आली की मूल नागली म्हणेल. दोन्ही फळ्यावर लिहायचे, शेजारी शेजारी. असा शिकलेला नवा शब्द पक्का बसतो, कारण त्याला लटकायला खुंटी मिळते.

तीन. ग्रामसभा. जव्हार आणि मोखाडा दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी २०१५ पासून थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळतो, आणि तो कशावर खर्चायचा त्या विषयांत शिक्षणही आहे. रस्ता, मोरी, समाजमंदिर हवंच. पण पुस्तकांचं एक कपाट आणि ते संध्याकाळी उघडणारा एक माणूस, एवढी मागणी पुढच्या ग्रामसभेत कुणीतरी उभं राहून करावी. ठरावात लिहून घ्यावी.

चार, आणि हे सगळ्यात आधी. गणेश देवींच्या पुढाकाराने झालेल्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला, २०१३ साली तो आला. त्यातलं बोलींविषयीचं काम लोकांनी दिलेल्या माहितीवर उभं आहे. ते पुढे नेणं आपल्या हातात आहे. घरात जी म्हातारी माणसं आहेत त्यांच्याजवळ बसा. रानभाज्या, पाऊस, बैल, बी-बियाणं, बोहाड्यातली सोंगं, आजार, नातीगोती यांचे शब्द विचारा. शब्द लिहा, अर्थ लिहा, कुणी सांगितला आणि कुठल्या पाड्यावर ते लिहा. फोनवर आवाज घेऊन ठेवा. मोल्सवर्थच्या शास्त्र्यांनीही शब्द माणसांना विचारूनच गोळा केले होते.

आपल्या भागात वही दुसऱ्याच्या हातात होती तेव्हा काय झालं ते आजोबांना माहीत आहे. शंभर पानांची वही आता जव्हारच्या बाजारात कुठेही मिळते. पहिल्या पानावर पहिला शब्द कुठला लिहायचा, ते घरी विचारून ठरवा.