नायकाची तांबडी मोटार

आगीचा बंब रस्त्यानें जाऊं लागला म्हणजे हातांतलें काम टाकून खिडकीशीं धांव घेतली नाहीं असा मुलगा विरळाच. घंटेचा तो ठणठणाट, तें चकाकणारें पितळ, ती लांबलचक शिडी, हें सारें दृश्य डोळ्यांत भरून राहतें; आणि त्या भरांत एका गोष्टीकडे आपलें लक्षच जात नाहीं. पुष्कळदां बंबाच्या कांहीं क्षण आधीं एक लहानशी मोटार त्याच वाटेनें निघून गेलेली असते. तिच्यांत शिडी नसते, पंप नसतो, पाण्याची नळीही नसते. असतो तो अग्निशामक दलाचा नायक आणि त्याचा सारथि. अशा जुन्या मोटारी शोधून काढण्याचा, त्यांना पूर्वरूप देण्याचा आणि चारचौघांपुढें मांडण्याचा छंद अमेरिकेंत चांगलाच रुजलेला आहे. त्या गाडीचा व त्या छंदाचा इतिहास आज आपल्यापुढें ठेवण्याचा माझा विचार आहे.

ज्या गाडीनें एक थेंबही पाणी नेलें नाहीं तिचें एवढें कौतुक कां, असें कोणीही विचारील. याचें उत्तर नायकाच्या कामांत आहे. आग पाण्यानें विझते हें खरें; परंतु पाणी कोठें मारावयाचें, शिडी कोणत्या भिंतीला लावावयाची, आंत माणसें अडकलीं आहेत काय, छप्पर किती वेळ तग धरील, आणि हातीं असलेलें बळ पुरेल कीं आणखी कुमक मागवावी, हें प्रथम कोणीतरी ठरवावें लागतें. १८५२ सालीं बोस्टन शहरांत चॅनिंग व फार्मर या दोघांच्या योजनेप्रमाणें तारायंत्रानें आगीची वर्दी देण्याची व्यवस्था सुरू झाली. रस्त्याच्या कोपऱ्यावर एक पेटी असे. तिची कळ फिरविली कीं त्या पेटीचा अंक घंटेच्या ठोक्यांनीं ठाण्यांत उमटे. अशी व्यवस्था पुढें गांवोगांव पसरली. वर्दी अशी क्षणांत पोहोंचूं लागली. परंतु तारेंतून निर्णय पाठवितां येत नव्हता. त्यासाठीं नायकालाच जागेवर जावें लागे, आणि तेंही शक्यतों सर्वांच्या आधीं.

म्हणून घोड्यांच्या काळांतही नायकाची गाडी निराळी असे. वाफेचा बंब जड. त्याला दोन किंवा तीन दांडगे घोडे लागत. नायकाची बग्गी मात्र हलकी, चार चाकांची, एकाच चपळ घोड्यानें ओढावयाची. घोड्याचा साज पुष्कळ ठाण्यांत छतालाच टांगलेला असे. वर्दीची घंटा वाजतांच शिकविलेला घोडा आपण होऊन जागेवर येऊन उभा राही, साज वरून खालीं येई, दोनचार कड्या अडकविल्या कीं बग्गी दाराबाहेर पडे. घाईंतही किती शिस्त असूं शकते याचा हा एक नमुना होता.

या बग्गीला प्रथम मागें सारलें तें न्यूयॉर्कच्या एडवर्ड क्रोकर यानें. तो १८९९ पासून १९११ पर्यंत त्या शहराच्या अग्निशामक दलाचा नायक होता. विसाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं, जेव्हां दलाचे सारे बंब घोडेच ओढीत होते, तेव्हां त्यानें आगीवर जाण्यासाठीं लोकोमोबील कंपनीची वाफेवर चालणारी छोटी मोटार वापरावयास सुरुवात केली. म्हणजे त्या दलांत मोटारीचा शिरकाव बंबाच्या रूपानें न होतां नायकाच्या गाडीच्या रूपानें झाला. बंब यंत्रावर यावयास आणखी कांहीं वर्षें लागलीं, आणि शेवटच्या घोड्यांनीं आपली शेवटची दौड ब्रुकलिन भागांत २० डिसेंबर १९२२ रोजीं केली.

परंतु वेग म्हणजे सर्व कांहीं नव्हे, हेंही याच क्रोकरच्या चरित्रांत दिसून येतें. उंच इमारतींतील कारखान्यांच्या धोक्याविषयीं त्यानें आधींच इशारा दिला होता. २५ मार्च १९११ रोजीं ट्रँगल नांवाच्या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. कारखाना इमारतीच्या आठव्या, नवव्या व दहाव्या मजल्यावर होता. बंब वेळेवर आले. पण त्यांच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोंचत होत्या. १४६ माणसें मृत्युमुखीं पडलीं, आणि त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. त्याच सालीं क्रोकरनें नायकपद सोडलें आणि उरलेलें आयुष्य आग लागूं नये यासाठीं करावयाच्या उपायांना वाहिलें. नायकाची मोटार ही वैभवाची वस्तु समजणाऱ्यांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी. त्या गाडीच्या आसनावर बसणाऱ्याला पुष्कळदां वेळेवर पोहोंचूनही हात चोळीत उभें राहावें लागलें आहे.

पुढच्या वीस वर्षांत गांवोगांव अशा मोटारी आल्या. कोठें फोर्ड, कोठें शेव्हरोले, तर श्रीमंत शहरांत ब्यूइक किंवा पॅकार्ड. अमेरिकन जनतेच्या मनांत नायकाची प्रतिमा इतकी ठसली कीं १९३२ सालीं टेक्साको कंपनीनें आपल्या नव्या पेट्रोललाच ‘फायर चीफ’ हें नांव दिलें. त्याची जाहिरात नभोवाणीवरून एड विन हा विनोदी नट करीत असे, आणि तो ध्वनिक्षेपकापुढें बंबवाल्याचें शिरस्त्राण घालून उभा राही. घरोघरच्या श्रोत्यांना तें दिसणार नव्हतें. पण समोर बसलेल्या प्रेक्षकांसाठीं त्याला वेष हवाच असे! न्यूयॉर्कचे नगराध्यक्ष ला ग्वार्डिया हे तर १९३४ ते १९४५ या आपल्या कारकीर्दींत मोठी आग लागल्याचें कळलें कीं स्वतः तेथें जाऊन उभे राहत.

इतक्या गाड्या झाल्या, तर त्यांतल्या फारच थोड्या कां उरल्या? कारण साधें आहे. बंब हा मुद्दाम घडविलेला. तो वीस वीस, तीस तीस वर्षें ठाण्यांत राही, क्वचितच बाहेर पडे, आणि म्हातारा झाला तरी त्याला दुसरें काम नसे. त्यामुळें तो कोठल्यातरी कोठारांत पडून वांचला. नायकाची मोटार मुळांत चारचौघांसारखीच. ती रोज वापरांत असे. चार वर्षांनीं नवी आली म्हणजे भोंगा व घंटा काढून नव्या गाडीवर चढवीत, दारावरचीं अक्षरें खरवडीत, आणि जुनी गाडी रंग देऊन विकून टाकीत. मग ती एखाद्या वाण्याच्या किंवा शिक्षकाच्या घरीं जाई व तेथेंच झिजून संपे.

संग्राहकांची हौस मात्र प्रथम बंबांपासूनच सुरू झाली. १९५५ सालीं जॉर्ज गेट्झ या उद्योगपतीला त्याच्या पत्नीनें नाताळची भेट म्हणून १९२४ सालचा अमेरिकन लाफ्रान्स बंब दिला! त्या एका भेटींतून वाढत वाढत एक संग्रहालय झालें. तें आज ॲरिझोना राज्यांत फिनिक्स शहरीं आहे. १९५८ सालीं सिरॅक्यूज येथें जुन्या अग्निशामक मोटारवाहनांच्या जतनासाठीं एक संस्था निघाली, आणि तिच्या शाखा देशभर पसरल्या. या लोकांचे मेळावे भरतात, त्यांची परंपरा मात्र मोटारीहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकांत हातपंपांचे दिवस संपत आले तेव्हां न्यू इंग्लंडमधील जुने बंबवाले एकत्र जमून कोणाच्या पंपाची धार लांब जाते याची चुरस लावीत. १८९० सालीं त्यांनीं त्यासाठीं संघही स्थापन केला. आजच्या मेळाव्यांतही जुने बंब तळ्यांतून पाणी ओढून धारा उडवितात. नायकाच्या मोटारीला तसें कांहीं करून दाखवितां येत नाहीं. ती मिरवणुकीच्या अग्रभागीं चालते, एवढेंच. आणि तिचें पूर्वीचें कामही तेंच होतें. शिवाय ती घरच्या गॅरेजमध्यें मावते. चाळीस फुटी शिडीची गाडी कोणी घरीं ठेवूं म्हटलें तर शेजारीपाजारी काय म्हणतील?

आतां या गाडीला पूर्वरूप देणें म्हणजे काय, तें पाहूं. प्रथम अक्षरें. दारावरचें गांवाचें नांव खऱ्या सोन्याच्या वर्खानें लिहिलेलें असे. जेथें अक्षर हवें तेथें चिकट रोगण लावावयाचें. तें सुकत येऊन नुसतें बोटाला ओढ देईल इतकेंच ओलें राहिलें म्हणजे त्यावर वर्ख बसवावयाचा. मग कडेनें काळी रेघ व वरून व्हार्निश. रोगण फार ओलें असेल तर सोनें बुडून निस्तेज होतें, फार सुकलें तर वर्ख धरत नाहीं. मग भोंगा. विजेच्या मोटरनें एक फिरतें चक्र छिद्रांच्या कड्याआड गरगरवावयाचें, म्हणजे हवेचे झोत तुटून तुटून बाहेर पडतात व त्यांचा चढता स्वर होतो. या यंत्राला ‘सायरन’ हें नांव १८१९ सालीं कान्यार द ला तूर या फ्रेंच शास्त्रज्ञानें दिलें. १९५० च्या सुमारापर्यंतच्या अमेरिकन मोटारींत वीज बहुधा सहा व्होल्टांचीच असे आणि भोंगा तर विजेचा मोठा भक्त. तो फार वेळ वाजविला कीं बॅटरी मान टाकी. म्हणून जुन्या गाडीचा मालक भोंगा जपूनच वाजवितो. शिवाय अनेक राज्यांत खाजगी माणसाला सार्वजनिक रस्त्यावर तो वाजविण्याची किंवा तांबडा दिवा लावण्याची मुभाच नसते.

या छंदांतील खरा पेंच मात्र यापुढें आहे. १९३५ सालीं स्थापन झालेल्या अमेरिकेच्या जुन्या मोटारींच्या क्लबांत परीक्षण चारशें गुणांचें असतें. कारखान्यांतून गाडी जशी बाहेर पडली तशी ती असावी, हा त्याचा दंडक. पण नायकाची मोटार कारखान्यांतून पुष्कळदां साधीच येई! तिला नायकाची मोटार बनविली ती गांवच्या कारागिरांनीं. भोंगा कोठें बसवावा, अक्षरें कशीं काढावीं, हें त्यांनींच ठरविलें. मग कारखान्याची कागदपत्रें काय सांगणार? येथें संग्राहकाला इतिहाससंशोधक व्हावें लागतें. जुनीं छायाचित्रें, गांवच्या कारभाराचे छापील वार्षिक अहवाल, खरेदीच्या नोंदी धुंडाळाव्या लागतात. रंगाचे थर एकेक करून उलगडतांना खालून तांबडा रंग व अक्षरांची पुसट छाया दिसते. मडगार्डावर भोंग्याच्या खिळ्यांचीं बुजविलेलीं भोकें सांपडतात. हा पुरावा.

आणि जेथें पुरावा लागतो तेथें खोटेपणाही येतो. कोणतीही जुनी मोटार तांबडी रंगवावी, बाजारांतून भोंगा आणून बसवावा, दारावर सोनेरी अक्षरें चिकटवावीं, कीं झाली नायकाची मोटार! कित्येक हौशी लोक तसें करतात आणि तसें उघड सांगतातही. त्यांत कांहीं वावगें नाहीं. परंतु जी गाडी कधींही आगीवर गेली नाहीं ती गेली होती असें सांगणें, हें जे खरोखर गेले त्यांचें श्रेय चोरण्यासारखें आहे.

दुसरा दोष याहून सूक्ष्म, आणि तो प्रामाणिक माणसांच्या हातून घडतो. खरी गाडी सांपडली, तिला घासूनपुसून अशी नवी केली कीं तिच्यावरच्या साऱ्या खुणा नाहींशा झाल्या. पायरीवर बुटांनीं झिजलेली जागा, दाराच्या कडेला उडालेला रंग, हातानें पुसट झालेलें सोनें. हे दोष नव्हेत, हा त्या गाडीचा इतिहास आहे. रंग पुन्हां देतां येतो, झीज पुन्हां आणतां येत नाहीं. समाधानाची गोष्ट ही कीं त्या क्लबानें मूळ अवस्थेंत जपलेल्या गाड्यांसाठीं वेगळा सन्मान ठेवला आहे. माझें स्वतःचें मत विचाराल तर, गाडी मोडकळीस आली असेल तरच तिला नवी करावी. उभी असेल तर तिला फक्त सांभाळावी.

श्रोतेहो, हा परदेशचा छंद आपल्याला अगदींच परका नाहीं. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. जहाजांत कापूस होता आणि दारूगोळाही होता. मुंबईच्या अग्निशामक दलाचे अधिकारी व जवान दुपारपासून जहाजावर पाण्याचा मारा करीत उभे होते. चार वाजून गेल्यावर स्फोट झाला, त्यानंतर दुसरा झाला, आणि दलाचे ६६ जण कामीं आले. तो दिवस आज देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशीं जे गोदीकडे गेले तेही घंटा वाजवीत, रस्त्यांतल्या गर्दीला बाजूला सारीत, आधीं पोहोंचण्याच्या घाईनेंच गेले होते.

जुन्या मोटारी जपावयाच्या त्या या घाईची आठवण म्हणून. ती आठवण ठेवावयाला सर्वांनाच गाडी विकत घेण्याची जरुरी नाहीं. यापुढें कधीं मागून घंटा ऐकूं आली, आणि बंब अजून दूर असतांना एखादी लहानशी तांबडी गाडी पुढें येतांना दिसली, तर ती लहान आहे म्हणून थांबून राहूं नका. तिला प्रथम वाट द्या.