बैलगाडी शर्यत आणि कॅमेरा

अमेरिकेत १९७९ साली ‘डेटोना ५००’ ही मोटार शर्यत पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटापर्यंत देशभर थेट दाखवली गेली. आपल्या बेळगाव-निपाणी भागाची शर्यत बैलगाडीची. ती घरोघरी पोहोचली मोबाईलमुळे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. पुढे कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी कायद्यात दुरुस्ती केली. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. आता यूट्यूबवरील थेट प्रक्षेपणामुळे पुण्या-मुंबईत स्थायिक झालेले आपले लोकही शर्यत पाहतात. मात्र कॅमेऱ्यात बैलांची धाव दिसते, तसा पाठीवर पडणारा चाबूकही दिसतो. शर्यत टिकवायची असेल तर बैलांना मारहाण होता कामा नये, असे आम्हाला वाटते.