खटक्याची पेन्सिल

आपल्या मराठीत ‘शिसपेन्सिल’ हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या रूढ आहे. परंतु त्या पेन्सिलीत शिसे कधीच नव्हते. सोळाव्या शतकात इंग्लंडमधील बॉरोडेल येथे ग्रॅफाइटची खाण सापडली. तो काळा, मऊ पदार्थ शिशाचाच एखादा प्रकार असावा असे लोकांना वाटले, आणि ती चूक भाषेत कायमची राहून गेली. ज्या साधनाचा मुख्य गुण चूक खोडता येणे हा, त्याच्या नावातली चूक मात्र कोणी खोडली नाही!

झुरिकचे पंडित कोनराड गेसनर यांनी १५६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लाकडी नळीत बसवलेल्या अशा कांडीचे चित्र आहे. म्हणजे कांडी वेगळी आणि धारक वेगळा, ही कल्पना चांगलीच जुनी. १७९१ साली ऑस्ट्रेलियाजवळ बुडालेल्या ‘पॅन्डोरा’ या ब्रिटिश जहाजाच्या अवशेषांतही अशी एक पेन्सिल मिळाली. तथापि कांडी आतून पुढे सरकवण्याच्या युक्तीचे पेटंट लंडनमध्ये सॅम्पसन मॉर्डन व जॉन आयझॅक हॉकिन्स यांनी घेतले ते १८२२ मध्ये. मॉर्डनच्या चांदीच्या पेन्सिली पुढे धनिकांच्या खिशात मिरवू लागल्या.

या साधनाला सामान्यांच्या हाती आणणाऱ्यांत जपानचे तोकुजी हायाकावा यांचे नाव घ्यावे लागते. धातुकामाच्या कारखान्यात उमेदवारी करून वर आलेल्या या कारागिराने १९१५ साली धातूची भक्कम पेन्सिल बनवली. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात त्यांची पत्नी, मुले आणि कारखाना, सारेच गेले. कर्जापोटी पेन्सिलीचा धंदाही सोडावा लागला. ओसाकाला जाऊन त्यांनी शून्यातून आरंभ केला आणि १९२५ मध्ये रेडिओसंच तयार केले. त्यांच्या कंपनीने १९७० साली ‘शार्प’ हे नाव घेतले, ते त्या गमावलेल्या पेन्सिलीचेच. योगायोग असा की, १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईपासून उभा केलेला आपला ‘कॅम्लिन’ही २०११ मध्ये ओसाकाच्याच कोकुयो कंपनीकडे गेला.

आमच्या नोकरीच्या काळात कचेरीत दोन प्रकार दिसत. नकाशे काढणाऱ्यांकडे दोन मिलिमीटर जाड कांडीची क्लच पेन्सिल असे. तिचे टोक पॉलिश कागदावर घासून घ्यावे लागे. दुसरी मुलांची ‘पेन-पेन्सिल’, अर्ध्या मिलिमीटरच्या कांडीची. तिचा खटका दाबला की आतील पकड कांडी थोडी पुढे ढकलते, मग सैल होऊन मागे येते आणि पुन्हा घट्ट धरते. माती व ग्रॅफाइट भाजून केलेली जुनी कांडी इतकी बारीक केल्यास टिकत नसे. १९६० च्या सुमारास जपानमध्ये मातीऐवजी राळेसारखे कृत्रिम द्रव्य वापरून कांड्या बनू लागल्या, तेव्हा ही अडचण सुटली. टोक न करता रेघ एकसारखी येते, हे तिचे सुख.

याच सुखापायी आमच्या हातून एक चूक घडली, ती येथे नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत एका तहसिलीत नामांतरणाची चौकशी आमच्याकडे आली. मयत शेतकऱ्याच्या वारसांच्या कच्च्या यादीत त्याच्या विधवेचे नाव आम्ही खटक्याच्या पेन्सिलीने लिहिले; सुनावणीनंतर शाईने पक्के करू, असा विचार होता. इतक्यात बदलीचा हुकूम आला. ग्रॅफाइट उन्हाने उडत नाही, पाण्याने फुटत नाही, पण हाताळणीने मात्र पुसट होते. नक्कल करणाऱ्याने शाईतली नावे उतरवली आणि ते एक नाव राहून गेले.

दोन वर्षांनी त्या बाई आमचा पत्ता शोधीत नव्या ठिकाणी आल्या. त्यांनी तक्रार केली नाही. आपण माझे नाव लिहिताना मी पाहिले होते, एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही लेखी जबाब दिला, चूक आपली असल्याचे मान्य केले. तरीही दुरुस्ती होईपर्यंत आणखी एक पावसाळा गेला. त्या हंगामात त्यांची जमीन दिरांनीच पेरली.

आज घराघरांत जुनी दप्तरे आहेत. वंशावळी, वाटण्या, देण्याघेण्याची टिपणे. इंदूर-ग्वाल्हेरपासून बडोद्यापर्यंत आपल्या अनेक कुटुंबांचा इतिहास अशाच कागदांत बांधलेला आहे. त्यांच्या समासात वडीलधाऱ्यांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा असतील, तर वाचकांनी त्या एकदा उजेडात धरून पाहाव्यात, वेगळ्या कागदावर शाईने उतरवून ठेवाव्यात आणि खाली तारीख घालावी. मूळ खुणेवर मात्र शाई फिरवू नये. तीच खरा पुरावा असते.

आमच्या टेबलावर आजही एक पेन-पेन्सिल असते. शब्दकोडे तिनेच सोडवतो. माणसांची नावे मात्र आम्ही शाईनेच लिहितो.