संचार क्रांती योजना (छत्तीसगढ)

इंटरनेट जोडणीसह मोफत स्मार्टफोन देणारी छत्तीसगढ सरकारची योजना. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘स्काय’ या नावानेही परिचित. मुख्यमंत्री रमण सिंह यांच्या सरकारने जुलै 2018 मध्ये रायपूर येथे तिचा प्रारंभ केला. अंमलबजावणी ‘चिप्स’ या राज्याच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेकडे होती. ग्रामीण आणि शहरी गरीब कुटुंबांतील महिला व महाविद्यालयीन विद्यार्थी यांना सुमारे 50 लाख फोन देण्याचे उद्दिष्ट होते.

याच सरकारने 2013 मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लॅपटॉप व टॅबलेट वाटले होते. ‘स्काय’मध्ये भर घरातल्या बाईवर होता. 2011 च्या जनगणनेत दूरध्वनी असलेल्या कुटुंबांच्या प्रमाणात छत्तीसगढ देशात तळाशी होते. ते पाहता ही निवड योग्यच म्हणावी लागेल. महिलांसाठी मायक्रोमॅक्सचा 4 इंची फोन होता, विद्यार्थ्यांसाठी 5 इंची. सोबत जिओचे सिम आणि ठरावीक मुदतीची मोफत सेवा मिळे.

जोडणीच्या करारावर यंत्र फुकट किंवा स्वस्त देण्याची पद्धत जुनी आहे. फ्रान्सच्या दूरसंचार खात्याने 1980 च्या दशकात छापील दूरध्वनी-सूचीऐवजी ‘मिनिटेल’ या माहितीसेवेची यंत्रे घरोघर मोफत दिली. ही सेवा 2012 पर्यंत चालली. अमेरिकेत 1999 मध्ये कॉम्प्युसर्व्ह या इंटरनेट सेवेची जोडणी 3 वर्षांसाठी घेणाऱ्याला संगणकावर 400 डॉलरची सूट मिळे. मात्र दरमहा सुमारे 22 डॉलरप्रमाणे त्या 3 वर्षांत त्याच्या खिशातून 790 डॉलर जात. भारतात 2017 चा जिओफोन 1,500 रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर आला.

या सर्व व्यवहारांत यंत्राची किंमत सेवेच्या शुल्कातून वसूल होई. छत्तीसगढमध्ये फोनचे पैसे सरकारी तिजोरीतून गेले आणि ग्राहक मात्र एका खासगी कंपनीला मिळाले. योजनेतील हा सर्वांत कच्चा दुवा होय. फोन हाती पडताना कंपनी निवडण्याची सोय नव्हती. जिओचे जाळे तेव्हा केवळ 4जीचे होते; त्यामुळे टॉवर नसलेल्या गावात त्या सिमवरून साधा कॉलही लागत नसे. बस्तर, सरगुजासारख्या डोंगराळ, जंगली भागांत ही अडचण मोठी होती. म्हणूनच नवे टॉवर उभारणे हा योजनेचाच भाग ठरवण्यात आला होता. मोफत मुदतीनंतरचा रिचार्ज मात्र लाभार्थी कुटुंबानेच करायचा होता, आणि मजुरीवर चालणाऱ्या घराला तो दरमहा परवडेल का, याचे उत्तर योजनेत नव्हते.

वाटप निवडणुकीच्या तोंडावर झाल्याने विरोधकांनी टीका केली. ऑक्टोबर 2018 मध्ये आचारसंहिता लागली, डिसेंबरमध्ये सत्तांतर झाले आणि भूपेश बघेल यांच्या सरकारने योजना पुढे चालवली नाही.