धरमतरची भरती आणि खारेपाटाचे बांध



आपल्यातील पेणकर, नवगावकर ही आडनावे ज्या मुलुखाची, तेथील शेतीचा इतिहास भरतीचे गणित जाणल्यावाचून उमगत नाही. इस्राएलच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतील फरक अर्ध्या मीटरहूनही कमी, म्हणून येथे जन्मलेल्या मुलांना हे समजावून द्यावे लागते. मुंबईजवळ उधाणाला हाच फरक साडेतीन मीटरांच्या वर जातो. भांगाला त्याच्या निम्म्याहून कमी.

उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येते. म्हणजे आपला रोश होदेश आणि पेसाह दोन्ही उधाणाच्या दिवसांतले. कोळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला सहा वाजता. मात्र हा हिशेब समुद्रकाठचा. खाडीत आतवर पाणी उशिरा पोहोचते आणि उथळ तळामुळे त्याची चाल बदलते: चढ झपाट्याने, उतार रेंगाळत. नाडी मोजण्यात आयुष्य गेल्यामुळे असेल, मला यात मनगटाचा ठोका दिसतो. तोही हृदयाहून किंचित मागे आणि असाच चढणारा.

अंबा नदीच्या धरमतर खाडीकाठी खारेपाटातील भातखाचरे उधाणाच्या पातळीहून खाली आहेत. म्हणून मातीदगडाचे बांध आणि त्यांत उघाड्या. ओहोटीला आतले पाणी झडप ढकलून बाहेर पडते. भरतीचे पाणी तीच झडप दाबून मिटवते. नदीचा पूर आणि उधाण एकाच वेळी आले, तर झडप उघडतच नाही. बांधाला एक खांड पडली की खारे पाणी शिरते, आणि नासलेल्या जमिनीतील मीठ धुऊन निघण्यास कित्येक पावसाळे लागतात.

जमीन खोतांची, घाम कुळांचा. म्हणूनच २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी येथे संप पुकारला गेला. पंचवीस गावांच्या कुळांनी १९३९ पर्यंत जमीन कसली नाही. पोटाला चिमटा घेऊन सहा वर्षे! कुळकायद्याचा पाया या संपाने घातला, असे मी मानते. १९४८ मध्ये खार जमिनींचा कायदा होऊन बांधांत सरकारने लक्ष घातले; १९७९ मध्ये नवा कायदा आला.

खांडी अजूनही पडतात. त्या बुजवायला मिळतो तो ओहोटीचाच अवधी. पुढची भरती साडेबारा तासांच्या आत हजर असते.