चौथरा, पुतळा आणि शांती : युद्धोत्तर जपानमधील तीन शिल्पे

प्रस्तावना
राजवट बदलली की चौथऱ्यावरील पुतळेही बदलतात. परंतु त्यामुळे समाजाची दृष्टी बदलते काय? दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानमधील तीन शिल्पांच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

टोकियो : सेनानीचा चौथरा
टोकियोतील मियाकेझाका येथे शिल्पकार सेइबो कितामुरा यांनी घडविलेला फील्ड मार्शल तेराउची यांचा अश्वारूढ पुतळा होता. युद्धकाळात धातूच्या गरजेपोटी तो काढून नेण्यात आला. युद्धानंतर त्याच चौथऱ्यावर काझुओ किकुची यांचे तीन विवस्त्र स्त्रियांचे शांतिशिल्प उभे राहिले. सेनानीची जागा निःशस्त्र मानवी देहाने घेतली.

नागासाकी : भव्यतेची मर्यादा
नागासाकीचा शांतिपुतळा मात्र कितामुरा यांनीच घडविला. ऑगस्ट १९५५ मध्ये पूर्ण झालेल्या या सुमारे ९.७ मीटर उंचीच्या ब्राँझ पुतळ्याचा उजवा हात आकाशाकडे, म्हणजे अणुबॉम्बच्या संकटाकडे, निर्देश करतो. आडवा पसरलेला डावा हात शांती सुचवितो. मिटलेले डोळे मृतांसाठी प्रार्थना करतात. आशय शांतीचा असला, तरी पिळदार देह जुन्या वीरप्रतिमेचाच आहे. बॉम्बपीडित कवयित्री सुमाको फुकुदा यांनी त्याच वर्षी या पुतळ्यावर कवितेतून टीका केली. तिला सामाजिक आधार होता, कारण बॉम्बपीडितांच्या वैद्यकीय साहाय्याचा कायदा १९५७ मध्ये झाला. पुतळा आधी आला, औषधोपचार नंतर.

हिरोशिमा : मुलांचे स्मारक
सदाको सासाकी ही बॉम्बहल्ल्याच्या वेळी दोन वर्षांची होती. ऑक्टोबर १९५५ मध्ये ती रक्ताच्या कर्करोगाने मृत्यू पावली. तिच्या वर्गमित्रांच्या आवाहनाला तीन हजारांहून अधिक शाळांनी प्रतिसाद दिला. त्या निधीतून ५ मे १९५८ रोजी, बालदिनी, किकुची यांनी घडविलेल्या स्मारकाचे अनावरण झाले. शिखरावर कागदी क्रौंच उंचावणारी मुलगी आणि दोन्ही बाजूंस उज्ज्वल भविष्य व आशा सुचविणारी मुलगा-मुलगी अशी त्याची रचना आहे. आजही मुले तेथे कागदी क्रौंचांच्या माळा अर्पण करतात.

निष्कर्ष
नागासाकीचा पुतळा निरर्थक ठरत नाही. दरवर्षी ९ ऑगस्टला शांतिसमारंभ त्याच्यासमोरच होतो. तथापि, शांतिशिल्पाचे मोल त्याच्या उंचीवर ठरत नाही, हे या तीन उदाहरणांवरून स्पष्ट होते. पीडितांच्या वेदनेला त्यात स्थान आहे काय आणि सामान्य माणसाचा त्यात सहभाग आहे काय, या दोन कसोट्या निर्णायक ठरतात. हिरोशिमातील मुलांचे स्मारक या दोन्ही कसोट्यांवर उतरते. म्हणूनच त्यातील आशा विश्वासार्ह वाटते.