रुपेरी किनार

‘काळ्या ढगालाही रुपेरी किनार असते’ ही आज वर्तमानपत्रांत रुळलेली प्रतिमा इंग्रजीतून आली. तिचा उगम जॉन मिल्टनच्या ‘कोमस’ या नाट्यकाव्यात मानला जातो. ते १६३४ साली वेल्सच्या सीमेवरील लडलो किल्ल्यात, अर्ल ऑफ ब्रिजवॉटर यांच्यासमोर सादर झाले. त्यात भावांपासून दुरावलेली एक तरुणी रात्री रानात वाट चुकते. तेवढ्यात एक काळा ढग तिला उजळलेला दिसतो आणि तिला धीर येतो. मिल्टनची कल्पना वस्त्राच्या अस्तराची आहे : ढगाने आपली चंदेरी आतली बाजू रात्रीकडे वळवली, असे तो सुचवतो. मराठीत अस्तराची किनार झाली, आणि डोळ्यांना दिसते तीही कडाच. ढगामागे चंद्र किंवा सूर्य असला की जाड मध्यभाग काळवंडतो, पातळ कडेतील जलकण मात्र प्रकाश पुढे विखुरतात. एकोणिसाव्या शतकात या प्रतिमेची म्हण झाली. पहिल्या महायुद्धात, १९१४ साली आलेल्या ‘कीप द होम फायर्स बर्निंग’ या गाण्याने ती घरोघर पोचवली.

‘आशेचा किरण’ हा तिचा पर्याय म्हणून सर्रास वापरला जातो, ते बरोबर नाही. तलाव आटला म्हणून गाळ उपसता आला, ही दुष्काळाची रुपेरी किनार. येत्या आठवड्यात पावसाचा अंदाज आहे, हा आशेचा किरण.